फोकसला बसणारी

बुधवार, दिनांक ११ नोव्हेंबर २०४३, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. स्थळ : कोल्हापूर, शाहूपुरी, चौथ्या गल्लीतील तळमजल्यावरची माझी दोन खोल्यांची जागा, बाहेर पाटी, ‘जुने कॅमेरे दुरुस्त करून मिळतील’. पुण्याच्या ‘पूर्वरंग’ लिलावगृहाच्या संकेतस्थळावर वस्तू क्रमांक २१२ ची बोली त्या दिवशी चार वाजता बंद व्हायची होती आणि तोपर्यंत त्या वस्तूवर लेखी हरकत नोंदवण्याचा अधिकार कोणालाही होता. मी ती नोंदवली. पुढे जे घडले त्याविषयी तीन ठिकाणी छापून आले आहे आणि तिन्ही ठिकाणी चुकीचे आले आहे. म्हणून हे क्रमवार निवेदन.

वस्तू क्रमांक २१२ म्हणजे एक स्टुडिओ कॅमेरा. सागवानी पेटी, पितळी कोपरे, चामड्याचा भाता, चाकांची घडवंची. १९८९ साली बंद पडलेल्या येथील नवरत्न फोटो स्टुडिओतून तो इंदूरच्या एका संग्राहकाकडे गेला आणि त्याच्या वारसांनी आता विकायला काढला. सूचीतील वर्णन दोन ओळींचे होते : ‘या कॅमेऱ्याने १९७१ साली अभिनेत्री इंदुकला यांचे छायाचित्र घेण्यात आले. काच न वाचलेली. इंदुकला यांचा चेहरा मिळण्याची शक्यता ८७ टक्के.’ कॅमेऱ्याचा भाता फाटका आहे की शाबूत, भिंगाला बुरशी आहे की नाही, याबद्दल एक अक्षर नव्हते. कॅमेऱ्यात आता कोणाला रस उरलेला नाही.

हे असे का झाले ते थोडक्यात सांगतो. स्टुडिओ कॅमेऱ्याच्या पाठीशी एक घासून अंधुक केलेली काच असते. भिंगातून आलेले चित्र तिच्यावर उलटे पडते, डोके खाली आणि पाय वर. काळ्या कापडात शिरलेला छायाचित्रकार ते पाहून फोकस साधतो. जुन्या काचेतील हिरवट झाक घालवण्यासाठी तिच्यात मँगनीज मिसळत असत. अकरा वर्षांपूर्वी असे आढळले की अशा काचेवर प्रकाश पडला की तिच्यातले काही इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि काचेच्या रचनेतील बारीक दोषांत अडकून पडतात, जिन्यावरून घरंगळलेला चेंडू मधल्या पायरीवर थांबावा तसे. तेथे ते दशकानुदशके राहतात. काच सावकाश तापवली की ते सुटतात आणि सुटताना प्रत्येक जण अत्यंत क्षीण असा प्रकाश देतो. जेथे पूर्वी अधिक उजेड पडला तेथे अधिक चमक. ती नोंदवली की काचेने काय पाहिले होते ते कळते.

यात दोन अडचणी आहेत. एकदा तापवलेली काच कायमची रिकामी होते. तिचे दुसरे वाचन नाही. शिवाय, क्षणभर पडलेल्या चित्राची खूण इतकी फिकी असते की ती असून नसल्यासारखीच; हजारो वेळा त्याच जागी पडलेले चित्रच काय ते टिकते. व्यापाऱ्यांनी या दुसऱ्या अडचणीवर ‘पूरक अनुमान’ नावाचा उपाय काढला. कोणाचा चेहरा अपेक्षित आहे हे यंत्राला आधीच सांगायचे, त्या व्यक्तीची उपलब्ध छायाचित्रे त्याला दाखवायची, आणि जेथे खूण अपुरी आहे तेथे यंत्राने भर घालायची. याला वाचन म्हणणे मला कधीच मान्य झाले नाही. उत्तर आधी लिहून मग गणित मांडणाऱ्या विद्यार्थ्याला मी प्राध्यापकीच्या चौतीस वर्षांत शून्यच गुण दिले.

परिणाम असा झाला की लोक काचेसाठी कॅमेरे विकत घेऊ लागले आणि काच काढून सांगाडे भंगारात देऊ लागले. याविरुद्ध मी आठ वर्षे लिहितो आहे. माझे म्हणणे एका वाक्याचे : कॅमेरा पुढे पाहण्यासाठी केलेला आहे, त्याची काच कोणीही, कोणत्याही कारणासाठी वाचू नये. या वाक्याला अपवाद नाही असेही मी छापून दिले होते.

आता नवरत्न स्टुडिओची रीत. तेथे गिऱ्हाइकाला फोकससाठी ताटकळत ठेवत नसत. दिव्यांच्या उष्णतेने पावडर वाहून जाई आणि चेहरा त्रासिक होई. म्हणून मालक बापूसाहेब मिरजकर यांनी खुर्चीचे पाय फरशीत पक्के केले होते, मानेमागे लोखंडी टेकू बसवला होता, आणि त्या खुर्चीत आधी स्टुडिओतली झाडलोट करणारी बाई बसे. तिच्या हातात एक पुठ्ठा असे. सिनेमाच्या फाटक्या पोस्टरमधला ‘आजपासून’ हा जाड अक्षरांचा तुकडा त्यावर चिकटवलेला होता. बाईने तो गालाशी धरायचा, बापूसाहेबांनी त्या अक्षरांवर फोकस साधायचा. मग बाईने उठायचे आणि गिऱ्हाइकाने बसायचे. पण तोवर फोटो उमटणाऱ्या प्लेटची पेटी सरकवलेली असे आणि अंधुक काच बाजूला गेलेली असे. अर्थात काचेने गिऱ्हाईक कधी पाहिलेच नाही. इंदुकला त्या खुर्चीत बसली तेव्हा काचेची पाठ तिच्याकडे होती. १९६९ ते १९८२, म्हणजे हा कॅमेरा नवरत्नमध्ये वापरात होता ती तेरा वर्षे, काचेने दिवसातून आठ-दहा वेळा एकाच बाईला पाहिले.

त्या बाईचे नाव अनसूया रेळेकर. ती माझी आई.

तिचा एकही फोटो नाही. स्टुडिओत काम करणाऱ्या बाईचा फोटो नसावा यावर लोकांचा विश्वास बसत नाही. परंतु उद्या काढू, उद्या काढू म्हणता म्हणता १९८२ साल आले, तिला कावीळ झाली, आणि उद्या संपले.

हरकत नोंदवण्यापूर्वी मी ती मोठ्याने वाचून पाहिली. लिहिलेले कानाने तपासण्याची माझी सवय आहे. दारातल्या उजेडात माझी थोरली बहीण शालन मेथी निवडत बसली होती. तिचे वय एकोणऐंशी. मी तिला आक्का म्हणतो.

“ते शेवटचं परत वाच बघू,” ती म्हणाली.

मी वाचले. “‘सदर स्त्री कोणत्याही अर्थाने प्रसिद्ध नव्हती. संग्राहकांच्या दृष्टीने तिच्या चेहऱ्याला काहीही मूल्य नाही.’”

“मूल्य न्हाई?”

“संग्राहकांच्या दृष्टीने, आक्का.”

“दृष्टी कुणाची का असंना. लिवलंय कुणी? तिच्या पोटच्यानं.”

“हे बघ. तिथं इंदुकला आहे असं लोकांना वाटतंय तोवर ती काच मला परवडणार नाही. दुसऱ्या कोणी घेतली तर तो यंत्राला सांगणार, इंदुकला काढ. यंत्र काढणार. आईच्या खुणेवर इंदुकलाचं नाक बसणार, आणि काच कायमची कोरी होणार. ती कोणी नव्हती हे मी सिद्ध केलं, तरच ती आपल्याला मिळते.”

आक्काने एक जुडी संपवली. “आणि मिळाल्यावर काय करनार हाईस?”

“जपणार.”

“म्हंजे कपाटात. आठ वरसं लिवतोयस की, वाचू नगा, वाचू नगा. आंधारात बशीवनार तिला. बसलीच की ती जल्मभर, दुसऱ्यास्नी उठून जागा द्यायला.”

मी उत्तर दिले की तत्त्व हे सोयीने बदलायचे नसते, आणि अंधारातली आई यंत्राने रंगवलेल्या आईपेक्षा अधिक खरी असेल. हे वाक्य मला त्या वेळी बरे वाटले होते.

“दिगू,” ती म्हणाली, “मला तिचं तोंड आठवत न्हाई. हात आठवत्यात. चालनं आठवतंय. तोंड न्हाई. तुला आठवतंय?”

मला आठवत नव्हते. मी हरकत नोंदवण्याचे बटण दाबले.

तीन पंचविसाला पूर्वरंगचे मुख्य पारखी निरंजन साठ्ये यांचा व्हिडिओ कॉल आला. माणूस सभ्य आहे, आणि सभ्य माणसाशी वाद घालणे अधिक कठीण असते.

“रेळेकर सर, नमस्कार. तुम्ही स्वतः या वस्तूवर बोली लावली आहे.”

“लावली आहे. हरकतीच्या दुसऱ्या परिच्छेदात तसं लिहिलं आहे.”

“भाव पाडायचा आणि आपणच घ्यायचं, याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे.”

“तुमच्याकडे शब्द पुष्कळ आहेत. गेल्या चार वर्षांत तुम्ही अकरा काचांतून इंदुकला काढलीत. अकराही ठिकाणी तिची मान डावीकडे कललेली आहे, कारण तुम्ही यंत्राला दाखवलेल्या पोस्टरमध्ये ती तशी आहे. बाईंना आयुष्यात मान सरळ करायला सवड मिळाली नसावी.”

साठ्ये हसले, मनापासून हसले, हे मान्य केले पाहिजे. “बरं, एक सुचवतो. हरकत मागे घ्या. ज्यांना वस्तू जाईल त्यांना सांगून तुमच्या आईंचीही एक प्रत काढून देऊ. विनामूल्य.”

“तिचा फोटो नाही. यंत्र कशावरून भर घालणार?”

“तुमच्या चेहऱ्यावरून. ताईंच्या चेहऱ्यावरून. आनुवंशिक अनुमान चांगलं जमतं आता.”

“म्हणजे दाढी करताना मला आरशात जे दिसतं तेच तुम्ही मला टपालानं पाठवणार.”

“सर, तुमच्या हरकतीत एक साधी त्रुटी आहे,” त्यांचा आवाज किंचित कोरडा झाला. “पुरावा. स्टुडिओची ही रीत सांगणारे आता तुम्ही दोघंच. आमच्या नियमावलीत चौदावं कलम आहे. हरकतदारानंच वस्तू घेतली, तर पंधरा दिवसांच्या आत आमच्या साक्षीनं काच वाचायची. हरकतीत नाव दिलेली व्यक्ती काचेत दिसली नाही तर विक्री रद्द, आणि वाचनाची कच्ची नोंद आमच्या मालकीची. मग तिच्यावर आम्ही हवं ते अनुमान चालवू. तुम्ही तर वाचनाच्याच विरुद्ध आहात. म्हणून म्हणतो, मागे घ्या.”

कलम मला ठाऊक होते. ते लागू होण्याची वेळ येणार नाही, बोली आपोआप खाली येईल आणि साठ्ये दुर्लक्ष करतील, अशा हिशेबाने मी चाललो होतो. वादात प्रतिपक्षाने आपला कागद वाचला नसेल असे गृहीत धरणे ही नवशिक्याची चूक. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती मी केली होती.

“व्हय म्हन,” मागून आक्का म्हणाली.

“आक्का, मी आठ वर्षं—”

“आठ वरसं झाली की. व्हय म्हन.”

मी साठ्यांना सांगितले की कलम चौदा मला मान्य आहे, अट एकच : वाचन होईल ते पूरक अनुमान बंद ठेवून, आणि येथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत.

“अनुमान बंद ठेवलंत तर तुम्हाला एक डाग दिसेल, सर. डागाला नाव नसतं.”

“मग तुमचाच लाभ आहे.”

“म्हणून तर मान्य करतोय.”

हरकत आणि तिच्यावरचे हे संभाषण नियमाप्रमाणे बोली लावणाऱ्या सर्वांना दाखवण्यात आले. चारला दहा मिनिटे असताना पहिली बोली मागे घेण्यात आली, मग आणखी दोन. झाडलोट करणाऱ्या बाईसाठी कोणी थांबले नाही. चार वाजता पडद्यावर अक्षरे आली : वस्तू क्रमांक २१२, दिगंबर रेळेकर. माझा युक्तिवाद निर्दोष ठरला होता. मी आईला बाजारात कवडीमोल ठरवून जिंकलो होतो. आक्का मेथी घेऊन आत गेली.

मंगळवार, २४ नोव्हेंबर, सकाळी अकरा. प्रयोगशाळेच्या प्रमुख तस्नीम मुजावर ही माझी जुनी विद्यार्थिनी. भट्टी तिने आदल्या दिवशीच स्वच्छ करून ठेवली होती. साठ्ये पुण्याहून पहाटेच निघून आले होते. आक्कासाठी त्यांनी बाकरवडीचा पुडा आणला होता.

“आधी निकाल,” आक्का म्हणाली आणि पुडा त्यांच्याच बॅगेवर ठेवला.

काच मी स्वतः काढली. चार पितळी स्क्रू. त्यांतल्या एकाची खाच झिजलेली होती, म्हणजे बापूसाहेबांनी तो कधीतरी नाण्याने उघडला असणार. काचेच्या कडेला मेणाचा ठिपका होता. तो मी पुसला नाही.

“सर, अजूनही नको म्हणू शकता,” तस्नीम हळूच म्हणाली.

“मिनिटाला सहा अंश. घाई करू नकोस.”

भट्टीचे दार बंद झाले. तस्नीमने हातातला चौकोनी पडदा आमच्यासमोर धरला. पहिली वीस मिनिटे तो काळा होता. मग मधोमध करडी धूळ बसावी तसे काही दिसू लागले आणि धुळीतून आधी एक पांढरट आयत वर आला. त्याच्यात भिजलेल्या शाईसारखी फुगलेली काळी अक्षरे. यंत्राने आपणहून चित्र फिरवून सरळ केले आणि मी वाचले : आजपासून.

“पुठ्ठा,” मी म्हणालो. “साठ्ये, हा पुठ्ठा. इंदुकलाने हा कधी हातात धरलेला नाही. माझी हरकत अक्षरशः सिद्ध झाली आहे.”

“पुठ्ठा आहे, मान्य. स्टुडिओच्या रीतीबद्दल तुमचं म्हणणं खरं निघालं, तेही मान्य. पण हरकत पुठ्ठ्याबद्दल नाही, सर. अनसूया रेळेकर या व्यक्तीबद्दल आहे.” त्यांनी पडद्याच्या खालच्या पट्टीकडे बोट केले. तेथे यंत्राने आपला अभिप्राय दिला होता : ‘मानवी चेहरा : आढळला नाही.’

पुठ्ठ्याशेजारी एक करडा गोळा होता. खाली काळोखी, मध्ये दोन-तीन अस्पष्ट छटा, वर काहीतरी पांढुरके निमुळते होत गेलेले. मी चष्मा पुसून पाहिले. तो गोळाच होता. तापमान साडेतीनशे अंशांना पोहोचले, भट्टीतली चमक संपली. काच रिकामी झाली. जे होते ते आता या पडद्यावर होते आणि त्यात कोणी नव्हते.

मी वाद घातला. पुठ्ठा धरायला हात लागतो, हाताला माणूस लागते. तेरा वर्षे तो हात दुसऱ्या कोणाचा असणे अशक्य. आठ-दहा वेळा म्हणजे वर्षाला किती आणि तेरा वर्षांत किती, हेही मांडले. तस्नीम मान खाली घालून ऐकत होती. साठ्यांनी मला मध्ये तोडले नाही.

“सर, मला वाईट वाटतं,” मी थांबल्यावर ते म्हणाले, “पण साक्षीदार म्हणून मला ‘व्यक्ती आढळली नाही’ असंच लिहावं लागेल. मॅडम, एवढी नोंद ठेवा. मग अनुमान सुरू करा. नाव मी देतो.”

तस्नीमने माझ्याकडे पाहिले. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी चौकट उघडली होती : ‘चित्र पूर्ण करू?’

आक्का आतापर्यंत भिंतीशी खुर्चीवर बसून होती. ती उठली, तस्नीमच्या हातातून पडदा काढून घेतला, आणि दोन्ही हातांनी तो फिरवून खालची बाजू वर केली.

“आजी, उलटा धरलात तुम्ही,” तस्नीम म्हणाली.

“म्या न्हाई. तिनं.”

आक्काने पडद्यावरच्या अक्षरांवर बोट टेकवले.

“तिला कुटं वाचाया येत हुतं? यष्टीची पाटी बी मला इचारायची. पयल्या दिशी मिरजकर वरडले, बाई, पुठ्ठा सरळ धरा. तिनं फिरीवला. दुसऱ्या दिशी परत तसाच. मग त्येनीच सोडून दिलं. म्हनले, अक्षर उलटं असंना, फोकसला काय फरक पडतोय.” तिने पडदा माझ्यासमोर धरला. “आता बघ.”

मी पाहिले. ‘आजपासून’ आता उलटे होते आणि त्याच्या शेजारी एक बाई बसली होती. काळोखी वर गेली होती आणि ते केस होते, मधोमध भांग. पांढुरके निमुळते होते ते खांद्यावरून आलेल्या पदराचे टोक. कानांमागे लोखंडी टेकूची दोन टोके चेहऱ्यापेक्षा स्पष्ट होती. डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन सावल्या, नाकाला कड नाही, ओठ एका रेषेत. तो कोणत्याही एका दिवसाचा चेहरा नव्हता. तेरा वर्षांचे चेहरे एकावर एक बसून जे शिल्लक राहिले ते होते. मान सरळ होती.

अक्षरे नेहमी सरळच असतात असे त्या यंत्राला शिकवलेले होते. त्याने अक्षरे सरळ केली, बाईला डोक्यावर उभे केले, आणि मग येथे कोणी नाही असे कळवले. यंत्रावर मी आठ वर्षे लिहिले आहे. परंतु त्या खोलीत मीही आधी अक्षरेच वाचली होती, आणि वाचता न येणारी बाई मला दिसली नव्हती. हे नोंदवले नाही तर बाकीचे निवेदन अप्रामाणिक ठरेल.

साठ्यांनी पडदा हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग खिशातून पेन काढून साक्षीचा कागद गुडघ्यावर ठेवला.

“चेहरा आहे,” ते म्हणाले. “पण स्पष्ट नाही. अजूनही सांगतो, ताई, पाच टक्के अनुमान जोडलं तर डोळे उघडतील, नाक येईल. तुम्हालाच बरं वाटेल.”

“आमच्या आईला नाक हुतं का न्हवतं ते मशीन सांगनार व्हय? हात लावू नगा.”

तस्नीमने हिरवी चौकट बंद केली.

“ठीक आहे,” साठ्ये म्हणाले. “मग मला नियमाप्रमाणे विचारावं लागेल. रेळेकर सर हरकतदार आहेत, त्यांचा शब्द चालणार नाही. ताई, काचेत दिसलेली ही व्यक्ती कोण, हे तुम्ही सांगायचं. हा कागद लिलावगृहाच्या दप्तरात कायम राहील. नीट बघून सांगा. नक्की वाटत नसेल तर तसंही चालेल.”

आक्काने पडदा पुन्हा आपल्याकडे घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि त्यावरची बोटांची खूण पदराने पुसली.

“अनसूया पांडुरंग रेळेकर,” ती म्हणाली. “आमची आई हाय. लिवा.”